जुन्या मोटारीतली ध्वनियंत्रणा : डायनामोपासून स्पीकरपर्यंत

जुन्या मोटारीत चांगला आवाज आणायचा तर चार प्रश्न सोडवावे लागतात. गाडीकडे वीज किती आहे, गाडीचा स्वतःचा गोंगाट कसा आवरायचा, स्पीकरला जागा कुठे द्यायची आणि गाणे कशावर वाजवायचे. चौथा प्रश्न सर्वांत सोपा, पण बहुतेक कामांची सुरुवात त्याच्यापासूनच होते. आधी दुकानातून डेक येतो. तो बसत नाही म्हणून डॅशबोर्डचा पत्रा कापला जातो, मग दारांना भोके पडतात, आणि एखाद्या रात्री दिवे लावून गाणी ऐकत गेलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ घेत नाही. कापलेला पत्रा पुन्हा जोडून मिळत नाही. म्हणून या कामाचा क्रम नेमका उलटा हवा : आधी वीज, मग गोंगाट, मग स्पीकर आणि सर्वांत शेवटी डेक.

भारतात हा प्रश्न मुख्यतः दोन गाड्यांच्या बाबतीत येतो. एक कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११००, जिला १९७४पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसी. दुसरी उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर, ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली आणि मे २०१४पर्यंत तयार होत राहिलेली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता ज्या पद्मिनी दिसतात त्या हौसेने जपलेल्या आहेत, आणि त्यांत काय बदलावे, काय तसेच ठेवावे हा विचार टॅक्सीच्या काळापेक्षा जास्त काळजीने करावा लागतो. याच तत्त्वांनी स्टँडर्ड हेराल्ड, जुनी जीप किंवा बाहेरून आलेली मर्सिडीज यांचेही काम करता येते. फरक पडतो तो मापांत.

मोटारीतला रेडिओ या गाड्यांहूनही जुना आहे. १९३०मध्ये अमेरिकेत गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंगने ‘मोटोरोला’ नावाचा संच आणला, १९३२मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टने आपला. ते संच व्हॉल्व्हचे होते. व्हॉल्व्हला दोनशेच्या आसपास व्होल्ट लागतात आणि बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टची. तेव्हा ‘व्हायब्रेटर’ नावाची एक थरथरणारी पट्टी बॅटरीचा प्रवाह सेकंदाला शंभरेक वेळा तोडत-जोडत असे आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवत असे. जुना संच लावल्यावर गाण्याच्या आधी जी गुणगुण ऐकू येते ती या पट्टीची. १९५५मध्ये क्रायस्लरने फिल्कोचा पूर्ण ट्रान्झिस्टरचा संच दिला आणि व्हायब्रेटरचे दिवस सरले. फिलिप्सची कॅसेट १९६३ची. मोटारीत सीडी १९८४मध्ये आली. त्याच सुमारास डेकचे माप युरोपात ठरून गेले : दर्शनी भाग १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. त्याआधीचे रेडिओ दोन दांड्यांवर बसत, दोन बाजूंना दोन गोल बटणे आणि मध्ये काट्याची पट्टी. डॅशबोर्ड कापण्याची सारी कथा या दोन मापांच्या फरकातून जन्मली.

आपल्याकडे बहुतेक गाड्या रेडिओविनाच विकल्या गेल्या. ज्याला हवा तो नंतर बसवून घेई, आणि घरच्या रेडिओसारखाच त्यालाही पोस्टातून परवाना काढावा लागे. तेव्हा ऐकायचे ते मीडियम वेव्हवर : १९५७मध्ये सुरू झालेली विविध भारती, मुंबई केंद्राची ‘आपली आवड’, बातम्या, क्रिकेटचे समालोचन. १९८०च्या दशकात कॅसेटचा सुकाळ झाला आणि ‘फॉरेनचा डेक’ ही प्रतिष्ठेची वस्तू ठरली. आयातीवर कडक बंधने असल्याने तो मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या ठिकाणांहून येई, आणि जो मिळेल तो घ्यावा लागे. खासगी एफएम केंद्रे २००१नंतरची. म्हणजे पद्मिनीच्या आयुष्याचा बराचसा काळ एका छोट्या स्पीकरवर, मीडियम वेव्हच्या खरखरीतून ऐकण्यात गेला.

चोरबाजारात किंवा परदेशातून जुना संच मिळवताना एक तपशील हमखास नजरेआड होतो. जपानमध्ये विकण्यासाठी बनवलेल्या जुन्या डेकचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असतो, आपला ८७.५ ते १०८चा. असा डेक कितीही सुस्थितीत असला तरी मुंबई-पुण्यातली बहुतेक केंद्रे त्यावर लागतच नाहीत. अमेरिकी डिजिटल डेकची अडचण वेगळी. तिथे मीडियम वेव्हची केंद्रे १० किलोहर्ट्झच्या पायरीने असतात, आपल्याकडे ९च्या. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ गाठायला गेले तर तो डेक ७९०वर थांबतो आणि आवाज चिरका येतो. एफएमवरही त्याच्या पायऱ्या ९८.१, ९८.३ अशा विषम दशांशांच्या, १०४.८सारखे केंद्र दोन पायऱ्यांच्या मधे पडते. काही डेकच्या मागे किंवा मेनूत प्रदेश बदलण्याचा स्विच असतो. पैसे देण्याआधी तो पाहून घ्यावा. काटा फिरवायच्या जुन्या संचाला पायऱ्याच नसल्याने मीडियम वेव्हवर ही अडचण येत नाही.

आता वीज. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत सर्रास सापडणारा ल्युकासचा सी-४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. त्यातून खर्च असा होतो : ४५ वॉटचे दोन हेडलाइट साडेसात अँपिअर घेतात, पार्किंग, मागचे दिवे, नंबरप्लेट आणि मीटरचा दिवा मिळून दोन-अडीच, इग्निशन कॉइल तीन-चार, पावसात वायपर आणखी दोन-तीन. ही बेरीज सोळा-सतराच्या घरात जाते. उरले पाच-सहा अँपिअर. त्यातूनच आदल्या वेळी सेल्फने खाल्लेला चार्ज बॅटरीला परत द्यायचा आणि त्यातूनच गाणे वाजवायचे.

रात्री सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत हे हिशेब डोळ्यांना दिसतात. इंजिन आयडलवर आले की डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणू लागतो, अँपिअर मीटर असेल तर त्याचा काटा शून्याच्या डावीकडे झुकतो आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेबरोबर हेडलाइटचा उजेड किंचित दबतो. रेडिओचा यात काही दोष नसतो. सगळा भार एकट्या बॅटरीवर आलेला असतो. शहरातल्या वाहतुकीत, अर्धा वेळ उभ्या असलेल्या गाडीला हा तोटा भरून काढायला मोकळा रस्ता मिळत नाही.

खोक्यावर छापलेले आकडे या गोंधळात भर घालतात. ‘५० वॉट गुणिले ४’ ही पाटी जवळजवळ प्रत्येक डेकवर दिसते. तो आकडा १४.४ गुणिले १४.४ भागिले ४, म्हणजे सुमारे ५२, या गणितातून निघतो : चार ओहमच्या स्पीकरवर बॅटरीचा पूर्ण दाब सरळ ओतला तर. तसे केल्यावर निघणारा आवाज पूर्णपणे फाटलेला असतो. फाटू न देता त्याच दाबातून सिद्धान्ताने २६ वॉट मिळतात, आणि डेकच्या आतल्या चिपमधून प्रत्यक्षात वीसच्या आत-बाहेर. या वीस वॉटांना कमी लेखण्याचे कारण नाही. बंद काचांच्या पद्मिनीत ते पुरून उरतात, आणि सर्वसाधारण आवाजात असा डेक दोन ते चार अँपिअरवर भागवतो. वर काढलेल्या शिल्लकेत तो बसतो.

वेगळा अँप्लिफायर घ्यायचा असेल तर त्याची जात महत्त्वाची. जुन्या ‘एबी’ वर्गाचे अँप्लिफायर घेतलेल्या विजेतला मोठा वाटा उष्णतेत घालवतात. ‘डी’ वर्गाचे ऐंशी टक्क्यांहून अधिक वीज स्पीकरपर्यंत पोहोचवतात. चार वाहिन्यांना प्रत्येकी ५० वॉट देणारा डी वर्गाचा अँप्लिफायर मोठ्या आवाजातल्या संगीतावर सरासरी तीन-चार अँपिअर घेईल. तेवढ्याच ताकदीचा एबी सहजी दुप्पट. डायनामोच्या गाडीत हा फरक सगळे ठरवून टाकतो. शिवाय डी वर्गाचा अँप्लिफायर वहीएवढा लहान असतो, सीटखाली मावतो आणि तापत नाही.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवणे हा पुढचा उपाय, आणि रोज चालणाऱ्या गाडीसाठी तो योग्य आहे. अल्टरनेटर आयडललाही कामापुरती वीज देतो. त्याबरोबर डायनामोचे चार्जिंग सांभाळणाऱ्या कटआउटची जोडणी बदलावी लागते, आणि जुन्या वायरिंगमधली डायनामोपासून बॅटरीकडे जाणारी वायर नव्या प्रवाहाला पुरेल अशी जाड घ्यावी लागते. हे दुसरे काम पुष्कळदा राहून जाते. अँपिअर मीटर ३० अँपिअरचा असेल आणि अल्टरनेटर ४५चा, तर मीटरच वितळू शकतो. बाहेरून हुबेहूब डायनामोसारखे दिसणारे अल्टरनेटरही ब्रिटनमध्ये मिळतात. बॉनेट उघडल्यावर गाडी मूळची दिसावी असे वाटणाऱ्यांसाठी ते बनतात.

बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे हे पाहिल्याशिवाय एकही वायर लावू नये. ब्रिटिश वंशाच्या गाड्यांत १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत धन टोक बॉडीला असे. आजच्या प्रत्येक डेकची लोखंडी पेटी ऋण टोकाला जोडलेली असते. असा डेक धन अर्थिंगच्या गाडीत बसवला आणि त्याची पेटी डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकली की सरळ शॉर्ट सर्किट होते. उपाय दोन. एक, पूर्ण गाडी ऋण अर्थिंगवर आणायची : बॅटरीच्या जोडण्या उलट करायच्या, कॉइलच्या आणि अँपिअर मीटरच्या वायरी अदलाबदल करायच्या, आणि डायनामोच्या ‘एफ’ टोकाला बॅटरीच्या धन टोकाची वायर क्षणभर टेकवून त्याचे चुंबकत्व नव्या दिशेने वळवायचे. ठिणगी उडते, काम होते. अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनसाठी ही तासाभराची गोष्ट आहे. दुसरा उपाय म्हणजे डेकला वेगळा, बॉडीपासून अलग असलेला कन्व्हर्टर देणे आणि गाडी मूळ जोडणीवर राहू देणे. सहा व्होल्टच्या गाड्यांनाही, उदाहरणार्थ जुन्या बीटलला, असाच कन्व्हर्टर लागतो.

वायरींबाबत एक आकडा पुरे. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरीतून पाच मीटर अंतरावर १० अँपिअर नेले तर वाटेत जवळजवळ ०.९ व्होल्ट गळतो. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.२च्या आसपास. डिकीतल्या अँप्लिफायरला हॉर्नच्या वायरीतून टॅप मारून वीज देणारे काम का फसते ते यातून कळते. अँप्लिफायरची वायर थेट बॅटरीपासून घ्यावी, बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज टाकावा आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घालावे. जुन्या गाडीतले मूळ वायरिंग पन्नास वर्षांत कडक होऊन तडकलेले असते, वरचे सुती वेष्टन हाताने भुगा होऊन पडते. तिथे भार वाढवणे म्हणजे आग लावण्याची तयारी. मूळ फ्यूज पेटीला हातही न लावता ध्वनियंत्रणेचे वायरिंग पूर्ण वेगळे ठेवले तर ते उद्या काढूनही टाकता येते.

गोंगाटाचा प्रश्न यानंतर येतो. ठिणगीवर चालणारे इंजिन हे स्वतःच एक लहानसे प्रक्षेपण केंद्र असते. इग्निशनचे पॉइंट उघडतात, कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात, प्लगवर ठिणगी पडते, आणि प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओलहरी सुटतात. मीडियम वेव्हवर त्या टकटकीसारख्या ऐकू येतात, इंजिनचा वेग वाढला की टकटक जलद होते. डायनामोच्या ब्रशांवरच्या ठिणग्यांची किरकिर वेगळी, अल्टरनेटरची शीळ आणखी वेगळी. कान तयार झाला की नुसते ऐकून उगम सांगता येतो. कान तयार नसेल तर दोन साध्या चाचण्या आहेत. एरिअलची पिन रेडिओतून काढावी : गोंगाट थांबला तर तो एरिअलमधून येतो आहे, थांबला नाही तर वीजपुरवठ्यातून. मग आवाजाचे बटण पूर्ण कमी करावे : तरीही किरकिर तेवढीच राहिली तर ती बटणाच्या पुढच्या भागात, म्हणजे अँप्लिफायरच्या बाजूला शिरते आहे.

उपाय जुने आणि स्वस्त आहेत. कॉइलच्या ज्या टोकाला इग्निशन स्विचची वायर येते तिथे १ मायक्रोफॅरडचा सप्रेसर कपॅसिटर लावतात. पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला लावला तर गाडीच बिघडते. डायनामोच्या जाड ‘डी’ टोकाला दुसरा. ‘एफ’ टोकाला कधीही नाही. प्लगच्या टोप्या पाच हजार ओहमच्या रेझिस्टरवाल्या घेतल्या की टकटक बरीच खाली येते. बॉनेट हे बिजागऱ्यांच्या गंजलेल्या सांध्यावर लटकलेले असल्याने बॉडीशी नीट जोडलेले नसते आणि इंजिनाच्या लहरी बाहेर पसरू देते. बॉनेट आणि बॉडी यांच्यात विणलेल्या तांब्याची एक पट्टी टाकली तर ते झाकणाचे काम करू लागते. एरिअलच्या बुडाखालचा रंग खरवडून त्याला उघड्या पत्र्यावर बसवणे हा सर्वांत दुर्लक्षित उपाय, आणि पुष्कळदा एकटा तोच पुरतो. जुन्या मीडियम वेव्ह संचावर एरिअलच्या खाचेजवळ एक बारीक स्क्रू असतो. चौदाशे किलोहर्ट्झच्या आसपास एखादे क्षीण केंद्र लावून तो हळूहळू फिरवला की एका जागी आवाज एकदम वर येतो. एरिअल बदलल्यावर हे करायलाच हवे. आजच्या काळात यात एक नवा शत्रू आला आहे : सिगारेट लायटरमध्ये खोचलेला स्वस्त मोबाइल चार्जर. तो काढला की खरखर गेली, असे अनेकदा होते.

अल्टरनेटरची शीळ बहुधा अर्थिंगमधून येते. डेक डॅशबोर्डपाशी अर्थ केलेला, अँप्लिफायर डिकीत. दोन जागांच्या दाबात किंचित फरक असतो आणि तो सिग्नलच्या वायरीतून वाहतो. दोन्हींचे अर्थ एका ठिकाणी आणावेत, आणि विजेची जाड वायर गाडीच्या एका बाजूने तर सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्यावी. त्यावर फिल्टरचा डबा बसवण्याची वेळ क्वचितच येते.

स्पीकर हा या विषयातला सर्वांत रंजक भाग, आणि इथेच सर्वांत जास्त पत्रा कापला जातो. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर खालच्या सुरांच्या लहरी कडेने वळून एकमेकींना खाऊन टाकतात. हातात धरून वाजवलेला स्पीकर म्हणूनच पोकळ वाटतो. पुढची आणि मागची हवा वेगळी केली की तोच स्पीकर भरदार होतो. पद्मिनी आणि अँबॅसेडर या डिकीच्या गाड्या असल्याने इथे सोय आयतीच झाली आहे : मागच्या काचेखालचा ट्रे हा पडदा आणि डिकी ही भलीमोठी बंद पेटी. सहा बाय नऊ इंची लंबगोल स्पीकर तिथे का रुजले त्याचे हे उत्तर. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ते पुस्तकातून वाचले नव्हते. कानाने शोधले होते.

ट्रेचा मूळ पत्रा मात्र कापायची गरज नसते. बारा मिलिमीटर जाडीचा प्लायवूड ट्रेच्या आकारात कापून, त्यावर मूळ रंगाचे रेक्झिन ताणून, स्पीकर त्याच फळीत बसवावेत आणि फळी ट्रेच्या मूळ भोकांवर स्क्रूने आवळावी. पत्र्याला आधीपासून असलेल्या खाचा हवेला पुरतात. नसतील तर फळी दोन-तीन इंच उंच खोक्यासारखी करावी. पत्र्यावरचा मूळ हार्डबोर्ड काढून माळ्यावर ठेवून द्यावा.

मागून येणाऱ्या आवाजाची उणीव अशी की गायक मानेमागे बसल्यासारखा वाटतो. पुढे काहीतरी हवेच. दारे हा आजच्या गाड्यांचा मार्ग, पण जुन्या दारांत काच खाली येते तेव्हा खोली फार थोडी उरते, पावसाचे पाणी आतून वाहते आणि डोअर पॅडला पाडलेले भोक कायमचे राहते. त्यापेक्षा पायांच्या बाजूला, बिजागरीपुढच्या कोपऱ्यात, लहान खोक्यांत बसवलेले चार किंवा सव्वापाच इंची स्पीकर बरे. ती खोकी मूळ स्क्रूंवर टांगता येतात. डॅशखाली सामानाची फळी असलेल्या गाडीत तिच्या दोन टोकांनाही जागा निघते.

डॅशबोर्डच्या मध्यभागी एकच मूळ जाळी असेल तर तिच्यासाठी ‘ड्युअल व्हॉइस कॉइल’ स्पीकर मिळतो : एकच पडदा, पण आत दोन गुंडाळ्या, डाव्या-उजव्या वाहिन्यांसाठी एकेक. डेकच्या दोन्ही वाहिन्या एका साध्या स्पीकरला एकत्र जोडल्या तर चिप जळते. या स्पीकरने तो धोका टळतो. याउलट जुन्या ट्रान्झिस्टर संचाला त्याच्या मागे लिहिलेल्या ओहमचाच स्पीकर द्यावा. आठ ओहमच्या जागी आजचा चार ओहमचा लावला तर त्याचे जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर तापून मरतात आणि त्यांच्या जोडीचे आता सहज मिळत नाहीत.

इथे एका गोष्टीचा शांतपणे विचार व्हायला हवा. १९५५मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले गीतरामायण, त्या काळची भावगीते, नाट्यपदे आणि १९६०च्या दशकापर्यंतची बहुतेक चित्रपटगीते मोनो आहेत. डावे-उजवे त्यांत नाहीच. अशा संगीतासाठी गाडीत चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावले की एकच आवाज चार ठिकाणांहून, किंचित वेगवेगळ्या वेळी कानावर येतो आणि शब्द धूसर होतात. डॅशबोर्डच्या मध्यातला एक चांगला, माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात स्वच्छ वाजणारा स्पीकर सुधीर फडक्यांनी गायलेले शब्द अधिक स्पष्ट पोहोचवतो. ज्या मालकाच्या गाडीत प्रामुख्याने जुनीच गाणी वाजणार आहेत, त्याने एका उत्तम मध्यवर्ती स्पीकरवर आणि मागच्या ट्रेवरच्या हलक्या साथीवर पैसे घालावेत. मोठ्या सबवूफरची अशा गाडीला गरज नसते. त्याच्या धक्क्यांनी सैल पत्रे, काचा आणि नंबरप्लेटच वाजू लागतात.

पत्र्याचे कंपन थांबवणे हा आवाज वाढवण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. अॅल्युमिनियमची पातळ पाठ असलेल्या ब्युटाइल रबराच्या दोनेक मिलिमीटर जाड शीट मोठ्या पत्र्यांच्या मध्यभागी चिकटवल्या की पत्र्याचा टणत्कार जातो. पूर्ण पत्रा झाकावा लागत नाही. स्वस्त डांबरी शीट उन्हात वितळून दाराच्या तळाशी गोळा होतात. फरशीवर मात्र आधी गंज काढून रंग द्यावा आणि पाणी जाण्याची भोके उघडी ठेवावीत. गंजलेल्या पत्र्यावर चिकटवलेली शीट पावसाळ्यात खालून ओलावा धरून ठेवते आणि चार-पाच वर्षांनी पाय फरशीतून जातो. कार्पेटखाली नमदा घालताना हीच काळजी.

आता चौथा प्रश्न : वाजवायचे कशावर. एक मार्ग म्हणजे जुना रेडिओ जसा आहे तसा दुरुस्त करणे. व्हॉल्व्ह संचातले मेणकागदाचे आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आता गळके झालेले असतात. ते बदलल्याशिवाय वीज देऊ नये. स्पीकर न जोडता असा संच चालू केला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. हे काम जाणणारे कारागीर आता कमी आहेत, पण सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत धुंडाळता येतात. दुसरा मार्ग म्हणजे पेटी, बटणे आणि काटा तोच ठेवून आत एफएम आणि ब्लूटूथचा नवा बोर्ड बसवणे. बाहेरून काही कळत नाही. मात्र आतला मूळ संच त्यात नष्ट होतो, म्हणून चालू स्थितीतल्या दुर्मीळ संचाला असे करणे हा त्या वस्तूवर अन्याय आहे. मेलेल्या संचाला मात्र त्याने दुसरे आयुष्य मिळते. तिसरा मार्ग जुन्या रूपात नव्याने बनवलेल्या संचांचा. ब्लाउपुंक्टने आपला जुना ‘ब्रेमेन’ नव्या अंतरंगासह पुन्हा आणला, पोर्शे आपल्या जुन्या गाड्यांसाठी असे संच विकते. पद्मिनीसाठी तसे कोणी बनवलेले नाही. मापे जुळवूनच घ्यावी लागतात.

चौथा मार्ग पद्मिनी-अँबॅसेडरला सर्वांत चांगला मानवतो. डॅशबोर्डवर मूळ रेडिओ, किंवा रेडिओ नसेल तर मूळ कोरी पट्टी, तशीच राहू द्यायची. ग्लोव्हबॉक्समध्ये आगपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर, सीटखाली डी वर्गाचा छोटा अँप्लिफायर, आवाजाचे एक बटण हाताला लागेल अशा जागी डॅशखाली. गाणे फोनवरून येते. मूळ गोष्टींपैकी एकीलाही हात लागत नाही, आणि अर्ध्या दिवसात सगळे काढून ठेवता येते.

काढता येण्याला कायद्याचीही बाजू आहे. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते; तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा अशी अट आहे. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता याच वयात आल्या आहेत. डेक बदलल्याने नोंदणी अडत नाही, पण स्पीकरसाठी कापलेले दार आणि फाडलेला ट्रे हा बॉडीतला बदल आहे, आणि जुन्या गाड्यांच्या स्पर्धांत परीक्षकांची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

बसवून झाल्यावर उरते ती देखभाल. आजचा डेक बंद असतानाही घड्याळ आणि केंद्रे लक्षात ठेवण्यासाठी थोडी वीज घेत राहतो. ती १० मिलिअँपिअर धरली तरी दोन महिन्यांत १४ अँपिअर-तास होतात. चाळीसच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत बॅटरीवर कट-ऑफ स्विच हवाच. कोकणात आणि मुंबईत खारट हवेने वायरींची टोके हिरवी पडतात. जोडणी डाग देऊन पक्की करावी आणि वर हीट-श्रिंक नळी चढवावी. स्पीकरच्या पडद्याची कड फोमची असेल तर दमट हवेत काही वर्षांतच तिचा चुरा होतो. रबराची कड टिकते. मागच्या काचेखाली उन्हात तापणाऱ्या ट्रेवर कागदी पडद्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा पडदा बरा. काढलेला प्रत्येक मूळ भाग, त्याचे स्क्रू आणि नव्या वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा एका खोक्यात घालून ते गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे, म्हणजे पुढच्या मालकाला किंवा पुढच्या वायरमनला कोणती वायर कुठून कुठे जाते हे शोधण्यासाठी पत्रा उचकटावा लागत नाही.